वखारीतलं थेटर

फौजेतून सुटून आल्यावर लालासाहेबानं वडलांची सांगलीतली गुळाची वखार रिकामी केली आणि तिथं सिनेमा लावायचं मनावर घेतलं. परवान्याआधी नगरपालिकेचे ओव्हरसियर बघायला आले. त्यांनी वखारभर नजर फिरवली आणि मान हलवली.

"पुढची दारं आत उघडतात, ती बाहेर उघडली पाहिजेत. यंत्राची खोली विटांची करा, तिच्या झरोक्यांना लोखंडी झडपा लावा. आणि बायकांच्या बाजूला मागच्या भिंतीत वेगळं दार पाडा."

"सायेब, आबांच्या काळापासनं हितं एकाच दारावर भागलंय की."

"तेव्हा इथं गूळ होता," ओव्हरसियर म्हणाले. "ढेपा भिऊन पळत नाहीत. माणसं पळतात."

लालासाहेबानं सगळं मुकाट्यानं केलं. मागची भिंत फोडून चौकट बसवली, परवानाही हातात पडला. पण सुतारानं त्या चौकटीची कवाडं वेळेवर दिली नाहीत. पाडव्याला दुपारचा पहिला खेळ, आणि उघड्या चौकटीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं. भागीदार जोतीराम, त्याचा चुलतभाऊ, शेजारच्या वखारीतून हळदीची पोती घेऊन आला आणि बाहेरून चौकटीत थप्पी लावली.

"एका खेळापुरतं रं. उद्या कवाडं बसत्यात."

लालासाहेब 'बरं' म्हणून गेला.

थेटर गच्च भरलं. मधे उभ्या केलेल्या बांबूच्या तट्ट्यापलीकडं बायकांत त्याची आई बनुबाई होती, बायको अंजना होती, कवठे महांकाळहून पाडव्याला आलेली रंगुमावशी होती. पडद्यावर राजा बोलू लागला तशी पोरं खिदळली. लालासाहेबाला मात्र काही दिसत नव्हतं. पुढं कुणी बिडी पेटवली की त्याची मान तिकडं वळायची. यंत्राची घरघर जरा बदलली की तो जागेवरून अर्धा उठायचा. सारखं डोळ्यांपुढं येत होतं ते मागचं पोत्यांनी बुजलेलं भोक.

शेवटी त्याला बसवेना. बाहेरून वळसा घालून तो मागं गेला आणि वरचं पोतं ओढू लागला.

जोतीराम धावत आला. "आरं, काय करतोस? उजेड शिरला की लोक बोंबलतील!"

"बोंबलू देत. धर दुसरी बाजू."

"खेळ संपू दे की गड्या!"

"धर म्हणतोय न्हवं!"

चार-पाच पोती खाली आली. आत शिट्ट्या सुरू झाल्या, कुणी शिवीही हासडली. जोतीराम रागानं निघूनच चालला होता, तेवढ्यात शिट्ट्यांचा सूर बदलला. "आग! आग!"

यंत्रातली फीत कापसागत पेटली होती. यंत्रवाला बाहेर उडी मारून निसटला, झडपा खाली आदळल्या आणि जाळ विटांच्या खोलीतच कोंडला. पण धूर निसटला होता, आणि पळायला धूर पुरतो. पुढची दारं धक्क्यासरशी बाहेर उघडली, पुरुष रस्त्यावर सांडले. बायका मात्र मागच्या भोकावर येऊन आदळल्या. खाली अजून छातीएवढी पोती होती.

"ओढ, जोत्या, ओढ!" लालासाहेबाच्या नखांतून रक्त आलं. पोती ओढता ओढता वरून येईल ती बाई दोघं खाली घेत होते. अंजना आली, तिच्यामागं बनुबाई. रंगुमावशी थप्पीवरून कोसळली आणि तिचा हात मनगटात मोडला. जीव कुणाचा गेला नाही.

धूर ओसरल्यावर बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सांडलेल्या हळदीकडं बघितलं.

"ही पोती कुणी रचली रं?"

जोतीरामनं मान खाली घातली.

"मी रचू दिली," लालासाहेब म्हणाला.

"गाडी जुंप," बनुबाई एवढंच म्हणाली. "रंगूला दवाखान्यात न्यायची हाय."

त्यानं गाडी जुंपली. रक्ताळल्या बोटांनी कासरा धरला. अंजना मागं मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्याशी त्यानं पुढं केलेला हात न धरताच तिनं मावशीला खाली उतरवलं.