जनरेटर बंद करा

“ए काझीम, जनरेटर बंद कर! अडिगुन ऐकतोय!”

हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि जनरेटर एकामागून एक गप्प झाले. इबादान शहरातल्या या बाजारात कुणासाठी कुणी हातातलं काम टाकत नाही. पण अडिगुन हार्ड डिस्कला कान लावतोय म्हटलं की सगळे थांबत. समोरचा प्रिंटरवाला काझीमसुद्धा थांबे, आणि तो तर बायकोच्या हाकेलाही कधी धड ओ देत नसे.

अडिगुनने स्क्रूड्रायव्हरचं टोक लॅपटॉपवर, आत डिस्क असते तिथे टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. आतलं बेअरिंग सुकलंय, की डिस्कवर फिरणारी सुई अडखळतेय, की नुसती वीज कमी पडतेय, हे तो लॅपटॉप न उघडता सांगायचा. ‘गल्लीचा कान’ म्हणत त्याला, आणि हाक मारताना ‘ओगा’, म्हणजे उस्ताद.

शेजारीच चार्जर आणि मोबाइलची कव्हरं मांडून त्याची बायको अबेनी बसली होती. तिला बसल्या जागी ऐकू आलं. कानाशी डास यावा तसा बारीक, न तुटणारा आवाज. पंख्याचा नव्हे. पंखा फुरफुरतो, डिस्क गुणगुणते. हे तिला अडिगुननेच शिकवलं होतं, लग्न नवं होतं आणि दोघांना दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं तेव्हा.

अडिगुनने डोळे उघडले. “पंखा आहे. धूळ बसलीय. साफ करून देतो.”

आवाज डिस्कचाच होता, अबेनीला खात्री होती.

बारीक आवाज त्याच्या कानातून कधीच गेले होते. इतकी वर्षं जनरेटरांच्या मधोमध बसल्यावर दुसरं काय होणार? आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग लेकीचा, मोरेनिकेचा, फोनवरचा आवाज. तो कधी बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. गिऱ्हाईक हळू बोललं की ती भांडल्यासारखी ओरडायची, “काय? बॅटरी फुगलीय म्हणतोस?” आणि अडिगुन बरोबर उत्तर द्यायचा. अबेनीचं तोंड म्हणजे मशिदीवरचा भोंगा, असं लोक म्हणत. म्हणू देत. त्याचं नाव राहिलं म्हणजे झालं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

लॅपटॉप सिदिकातचा होता. शिवणकाम करणारी, पोरगेलीच बाई. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. “देव भलं करो, ओगा. मी तर घाबरलेच होते. आईचा आवाज आहे ना यात.”

“आईचा?” अबेनीने मोठ्याने विचारलं.

“हो मावशी. आजारी पडायच्या आधी तिने आमच्या कुळाची सगळी ओरिकी म्हणून ठेवली होती. आमचे पूर्वज कोण, कुठून आले, काय गाजवलं, सगळं. आता ते येणारं कुणीच उरलं नाही. शुक्रवारी तिला जाऊन चाळीस दिवस होतात, त्याची दुवा आहे, सगळा गोतावळा येतोय, तेव्हा लावणार. फोनमध्ये होतं ते फोनसकट चोरीला गेलं. आता हे एवढंच.”

अबेनीला राहवलं नाही. “अहो, असू दे पंखा. पण ते आधी दुसरीकडे उतरवून घेतलं तर?”

“डॉक्टरने तपासल्यावर औषधाच्या दुकानदाराने बोलायचं नसतं,” अडिगुन म्हणाला. काझीम खो खो हसला. सिदिकातही हसली. पंखा पुसून झाला, ती लॅपटॉप काखोटीला मारून निघाली आणि जनरेटर पुन्हा धडधडायला लागले.

अबेनी कव्हरं सारखी करत बसली. निळी निळ्यांत, काळी काळ्यांत. तिकडे ती पोर घरी जाईल, आईचा आवाज ऐकायला म्हणून लॅपटॉप पुन्हा पुन्हा लावेल, आणि कधीतरी तो उघडणारच नाही. आणि आपल्याला ते आधीपासून माहीत असेल. माझा नवरा म्हणून मी गप्प बसले, असं त्या पोरीला सांगायचं?

ती उठली. “आलेच,” म्हणाली आणि चपला फटफटवत पळाली. टॅक्सीच्या मागच्या सीटवर सिदिकात तिसरी म्हणून कशीबशी शिरतच होती.

“उतर गं बाई! एक स्क्रू राहिलाय लावायचा!”

दोघी परत आल्या. अडिगुनने लॅपटॉप पालथा घातला आणि एकेका स्क्रूवरून बोट फिरवलं. सगळे जागच्या जागी होते.

“कुठला स्क्रू?”

अबेनी बोलणार काय? हळू सांगावं तर त्याला ऐकू जायचं नाही, मोठ्याने सांगावं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार. तिने नुसतं पालथ्या लॅपटॉपवर, डिस्क असते तिथे, बोट टेकवलं. धावल्याने तिला धाप लागली होती. अडिगुनने त्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

मग त्यानेच हाक दिली. “जनरेटर बंद करा!”

“परत?” काझीम करवादला. “ओगा, लग्नाच्या पत्रिका आहेत माझ्याकडे! नवरी म्हातारी होईल!”

“होऊ दे. बंद कर.”

गल्ली गप्प झाली. अडिगुनने लॅपटॉप उघडून सुरू केला, खालचं झाकण काढलं आणि स्क्रूड्रायव्हर अबेनीपुढे धरला. मूठ तिच्याकडे करून.

“तू ऐक.”

“मी?”

“तूच. मी पंखा काडीने अडवतो. आवाज थांबला तर पंखा, नाही थांबला तर डिस्क.”

त्याने पंख्यात काडी घातली. अबेनीने मूठ कानामागे टेकवली. “आहे,” ती म्हणाली, आणि मग आणखी मोठ्याने, “अजून आहे! डासासारखा!”

समोर काझीमचं तोंड उघडंच राहिलं. शेजारचे दोघंतिघं जवळ आले. अडिगुनने मान वर केली नाही. काडी काढली, पेन ड्राइव्ह लावला.

“आधी आईचा आवाज. बाकी शिलाईचे नमुने-बिमुने नंतर, मिळाले तर. सिदिकात, आता बंद-चालू करू नकोस, हात लावू नकोस. आणि अबेनी, आवाज बदलला की तू सांग गं.”

स्वतः त्याने दोन बोटं डिस्कवर ठेवली. मध्येच तो म्हणाला, “अडखळली.” त्यावर अबेनी म्हणाली, “हो, किट् वाजलं.” हे त्याला बोटांनी तिच्याही आधी कळलं होतं. तिला इतकं बरं वाटलं की हसूच आलं. फाईल उतरत होती, थांबत होती, पुन्हा उतरत होती. सिदिकात ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. शेवटी पडद्यावरची पट्टी भरली. पुढच्या फायली निम्म्याही आल्या नाहीत. डिस्क किटकिट करत राहिली आणि थांबली.

“गेली,” अडिगुन म्हणाला. “पण मिळायचं ते मिळालं. लावून बघ.”

सिदिकातने काझीमच्या, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. गल्लीत एका म्हातारीचा आवाज सुरू झाला. पातळ, उंच, मधूनमधून श्वासाला थांबणारा. काझीमने टोपी काढून हातात घेतली. सिदिकात ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

अडिगुन एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. एरवी सगळ्यांनी मान डोलावली की तोही डोलवायचा. अबेनी त्या मान डोलावण्याची वाट पाहत राहिली.

“मला ऐकू येत नाहीये,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “काय म्हणतेय ती?”

अबेनीने आपलं स्टूल त्याच्याजवळ ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. आज भांडल्यासारखं ओरडायची गरज नव्हती.

“म्हणतेय, ज्यांच्या दारात पाहुणा उपाशी झोपला नाही, त्यांची तू लेक. ज्यांनी सुकलेल्या विहिरीलाही शिवी दिली नाही, त्यांची तू नात.”

“पुढे?”

ती सांगत गेली. काझीम जनरेटरची दोरी हातात धरून उभा होता, पण म्हातारीचं म्हणून होईपर्यंत त्याने ती ओढली नाही.