पृथ्वीला पाय नाहीत

सातवीच्या मुलांनी बाईंचं नाव हवामान खातं ठेवलं होतं. बाईंनी वर्गात पाऊल टाकलं की त्यांच्या चेहऱ्यावरून पुढच्या तासाचा अंदाज बांधता येई, आणि खऱ्या खात्यापेक्षा तो जास्त वेळा खरा ठरे. बाईंना हे नाव ठाऊक होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांनी घरी जाऊन ते आईला हसत हसत सांगितलंही होतं. पण आई गेली आणि खात्याचं कामकाज बंद पडलं. वादळ नाही, ऊन नाही. बाई यायच्या, शिकवायच्या आणि जायच्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि आई, दोघीच. आईची शाळा चौथीतच सुटली होती, म्हणून नोकरीला लागल्यापासून बाईंनी एक सवय लावून घेतली होती. उद्याचा धडा आज संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला शिकवायचा. आईला कळला म्हणजे वर्गाला कळणार, हा त्यांचा हिशेब. आई मटार सोलता सोलता ऐकायची आणि उद्या अख्खा वर्ग जिथे अडणार असे, नेमकी तिथेच अडायची. "थांब, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुन्हा सांग." बाई पुन्हा सांगायच्या. दरवर्षी तेच धडे आणि दरवर्षी आईची पाटी कोरी. कधी बाई वैतागायच्या, की अगं, मागच्या वर्षी तर समजलं होतं तुला. आई म्हणायची, वय झालं, आता राहत नाही लक्षात. मग बाईंना तिची दया यायची आणि त्या आणखी सावकाश, आणखी सोपं करून सांगायच्या. बोलता बोलता जेवायची वेळ टळून जायची.

यंदा जागतिक तापमानवाढीचा धडा आला तेव्हा घरी ऐकायला कोणी नव्हतं. बाईंनी तो तसाच वर्गात नेला. फळ्यावर सूर्य काढला, पृथ्वी काढली, येणारे बाण, जाणारे बाण, मध्ये कार्बन डायऑक्साइडचे ठिपके. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकाने सांगितलं की सूर्य जवळ सरकलाय. दुसरा म्हणाला, ओझोनला भोक पडलंय, तिथून ऊन आत गळतं. तिसऱ्याच्या मते ही तापमानवाढ त्यांच्या घरी, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पहिल्यापासूनच आहे, त्याची आई रोज तीच तक्रार करते. वर्ग खो खो हसला. पूर्वीच्या बाईंनी त्या तिसऱ्याला आधी फैलावर घेतलं असतं आणि मग स्वतःही हसल्या असत्या. या बाईंनी फळा पुसला.

गोष्ट मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली. त्या स्वभावाने चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसांपुढे नाही म्हणणं फार जड जातं. त्यांनी बाईंना बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की या धड्यावर एक छान फिल्म मिळते, पुढच्या धड्यांवरही मिळतात. मुलांना हॉलमध्ये बसवून त्या दाखवता येतील आणि बाईंनाही जरा विश्रांती मिळेल. बाईंनी विनवलं, एकदा पुन्हा शिकवून बघते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जरूर. शुक्रवारी मीही मागे येऊन बसते, मुलांना समजलेलं दिसलं तर फिल्मचा विषयच काढणार नाही.

बाईंना विश्रांती नको होती. विश्रांती घरी ढिगाने पडली होती. बाकीचे वर्ग आधीच नव्या शिक्षकांकडे गेले होते, त्यांच्याकडे उरली होती ती प्रयोगशाळेची कपाटं आणि ही सातवी. सातवी गेली तर दिवसभरात त्यांना तोंड उघडायचं कारणच राहणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पृथ्वीभोवती हवेचं एक पांघरूण असतं." आणि तिथेच अडल्या. इथे आई दरवर्षी मध्ये पडायची, की पण पांघरूण कुठे गरम असतं? त्या प्रश्नावाचून पुढचं वाक्य काही केल्या येईना. बाईंनी तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारून पाहिला. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना इतकं एकटं वाटलं की गॅस न पेटवताच त्या जाऊन पडल्या.

शुक्रवारी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या. सातवीचा वर्ग भलताच शहाण्यासारखा वागायला लागला. बाईंनी सूर्य काढला, पृथ्वी काढली, पांघरुणाचं वाक्य म्हटलं आणि काल अडल्या होत्या तिथेच पुन्हा अडल्या. खडू हातात, तोंड फळ्याकडे, आणि पुढचं काही सुचेना. मागे कोणीतरी खोकलं. बाईंना वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात खिडकीजवळून बारीक आवाज आला, "पण बाई, पांघरूण कुठे गरम असतं?"

बाई गर्रकन वळल्या. बाईंच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या शेजारणीची ही मुलगी. वर्गात कधी तोंड उघडेल तर शपथ. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ती खाली बसायला लागली.

"बसू नकोस," बाई म्हणाल्या. "मग ऊब कुठून येते? सांग बघू."

मुलगी आधी चाचरली, मग बोलत सुटली. "बाळावर पांघरूण घालतो तेव्हा ते गारच असतं. मग ऊब लागते ती बाळाचीच. पांघरूण फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वी उन्हाने तापते आणि ती ऊब वर सोडते. हवेचं पांघरूण त्यातली थोडी अडवतं, म्हणून तर आपण गारठत नाही. पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो आणि वर एकावर एक पांघरुणं टाकत बसतो. बाळाला उकडलं तर ते लाथ मारून पांघरूण उडवतं. पृथ्वीला पाय नाहीत."

वर्ग हसला, पण या वेळी समजून हसला. सूर्य सरकवणाऱ्या मुलाने विचारलं, मग ती पांघरुणं काढायची कोणी? कोणीतरी म्हणालं, घातली त्यांनी. त्यावर वाद जुंपला आणि बाई त्यात कधी शिरल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. घंटा व्हायच्या आतच मुख्याध्यापिका उठल्या आणि जाता जाता सांगून गेल्या की फिल्म राहू दे.

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी त्या मुलीला थांबवलं आणि हे कोणी शिकवलं ते विचारलं. मुलगी म्हणाली, आजींनी, म्हणजे तुमच्या आईंनी. दुपारी, बाई घरी यायच्या आधी, मुलीची आई शिवायला बसली की मुलगी जिन्यात अभ्यास करायची आणि आजी खाली येऊन तिच्याजवळ बसायच्या. ग्रहणं, रक्ताभिसरण, चुंबक, सगळं त्यांनीच समजावलं होतं.

"आणि हे पांघरुणाचं कधी सांगितलं?"

"मी पाचवीत होते तेव्हा."

बाईंनी मनाशी वर्षं लावून पाहिली. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे अगदी मागच्या वर्षीसुद्धा, डोक्यात शिरलं नाही म्हणून आईने हाच धडा त्यांच्याकडून पुन्हा सांगून घेतला होता.

"मी विचारलं होतं आजींना," मुलगी म्हणाली. "तुमचा आवाज खाली ऐकू यायचा ना. म्हटलं, तुम्हाला तर सगळं येतं, मग बाईंना सारखं पुन्हा सांग, पुन्हा सांग का म्हणता?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला कळलं असं म्हटलं तर ती दोन घास खाऊन गुपचूप खोलीत जाऊन बसेल. तिला बोलायला दुसरं कोण आहे?"

मुलगी दप्तर घेऊन गेली. बाई पहिल्या बाकावर बसल्या. आपण आईला सोबत करतोय, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. तिच्यासाठी आपण घरी वेळेवर जातो, तिच्यासाठी घसा कोरडा करतो, असं शिक्षकांच्या खोलीत सांगतही होत्या. त्यांना हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. हे कोणाला तरी सांगायलाच हवं, असं त्यांना वाटलं. आजच, घरी गेल्या गेल्या, अगदी पहिल्यापासून. आणि सांगायला त्यांना आईच हवी होती.