पहिल्या गुळाचा घास

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: साल एकोणीसशे शहाण्णव, गडमुडशिंगीच्या शिवारातलं गुऱ्हाळ. हंगामाचा पहिला दिवस. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, सगळा रस आटलाय आणि वाफ्यात, म्हणजे गूळ निवतो त्या खड्ड्यात, तो नुकताच ओतलाय. देवाला दाखवल्याशिवाय या पहिल्या गुळाला बोट लावायचं नाही, ही रीत. पूजेला येणाऱ्या जंगम स्वामींचा अजून पत्ता नाही.

आणि शाळकरी दानेश्वरीच्या पुढ्यात एक माणूस मरायला टेकलाय.

तो स्पेनचा. गुऱ्हाळ बघायला सायकलवरून आला आणि पोत्यांवर कोसळला. दरदरून घाम, ओठ पांढरे, हात लटलट कापतायत. "अथूकार... अथूकार..." एवढंच पुटपुटतोय.

"प्यालंय पावणं," गूळ रांधणारा गुळव्या हंबीरराव म्हणाला. "कांदा हुंगवा की!"

"ऊन लागलंय. पाणी मारा तोंडावर," तिचे वडील मल्लेश ओरडले.

अथूकार! दानेश्वरीला वर्ग आठवला. बाईंनी सांगितलं होतं, आपली शर्करा, म्हणजे मुळात बारीक खडे, देशोदेशी फिरली. इराणात ती शकर झाली, अरबांकडे सुक्कर. स्पेनला जाताना अरबांचा 'अल' तिला पुढून चिकटला आणि झाली अथूकार. इटली, फ्रान्स करत ती इंग्रजांकडे शुगर म्हणून पोचली. सॅकरीन तिची चुलतबहीण, ग्रीकांच्या वाटेनं आलेली.

"आप्पा, त्यो साखर मागतोय! अंगातली साखर उतरलीया त्याच्या!"

"तुला गं कशी कळली त्याची भाषा?"

"स्पेनात मामाचं गाव आसंल," हंबीरराव हसला.

"बाईंनी शिकवलंय! द्या की कायतरी गोड!"

"रानात कुठली साखर?"

"मग गूळ?"

मल्लेशनं तिचा दंड धरला. "खुळी का काय? पयला गूळ देवाचा हाय. स्वामी येऊ देत."

"तवर ह्यो ऱ्हायाचा न्हाय, आप्पा!"

कुणी ऐकेना. उचगावला रिक्षा आणायला गेलेला माणूस परतला नव्हता. रस्ता रिकामा होता. पाहुण्याची मान कलू लागली. तिनं हाक मारली, तसे त्याचे डोळे कसेबसे उघडले. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

दानेश्वरीनं हात हिसडून सोडवला, खुरपं उचललं, वाफ्याच्या कडेचा निवलेला गूळ खरवडला आणि सगळ्यांच्या देखत पाहुण्याच्या तोंडात भरवला.