भिंतीकडचा माग

आधीच सांगते, मी फाटक्या तोंडाची आहे. गिरणीत मला सगळे मिरची म्हणायचे आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण जन्मात एकदाच मला कोणी खुर्चीवर बसवून ‘बोला’ म्हटलं, आणि नेमका त्याच दिवशी माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

आमची कापडगिरणी बंद पडून जमाना झाला. आता तिथे संग्रहालय केलंय. ते चालवणाऱ्या बाई वस्तीत घरोघर फिरल्या. म्हणाल्या, वस्तू आमच्याकडे आहेत, गोष्टी तुमच्याकडे. प्रत्येक वस्तूपाशी एक बटण असणार, दाबलं की हेडफोनमधून आमचा आवाज ऐकू येणार. बाई मला आवडल्या. चहा प्यायल्या आणि कप स्वतः विसळून ठेवला.

मी सांगायला घेतली ताईची गोष्ट. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच खात्यात, मागांवर. शेवटचा माग भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे इंजिन धडधडायचं. तिथे उभं राहणाऱ्याचे कान जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो माग माझ्या वाट्याला आला तेव्हा मला दिवस गेलेले. ताईने मुकादमाच्या मागे लागून अदलाबदल करून घेतली, ती कायमचीच. मला मुलगा झाला, तो मोठा झाला, आणि ताईचे कान हळूहळू गेले ते गेलेच.

हे मी ताईला कधी बोलून दाखवलं का? नाही. घरात असलं कोण बोलतं? गॅस संपला, नळ गळतोय, एवढंच आपण बोलतो. तेही आम्ही ओठांनी. मागांच्या खडखडाटात आवाज काढून उपयोग नसायचा, म्हणून आम्ही सगळ्याजणी नुसते ओठ आणि हात हलवून बोलायचो. अख्ख्या खात्याच्या उखाळ्यापाखाळ्या अशाच निघायच्या. ताईला आता तेच कामी येतं. आणि तिला ऐकून घ्यायचं नसलं की ती सरळ डोळे मिटते. मग बसा बोंबलत.

तर बाईंनी कॅमेरा लावला आणि जरा वातावरण यावं म्हणून मागांचा आवाज मोठ्याने सुरू केला. मी सांगत गेले, मधेच रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी गेले तर बाईंचं तोंड एवढंसं झालेलं. सगळा खडखडाट आलाय, पण माझा एक शब्द नाही. त्यांना वाटलं माईक बिघडला. मी कपाळावर हात मारून घेतला. माग सुरू झाल्याबरोबर मी सवयीने आवाज बंद करून ओठांनी बोलत सुटले होते. आमच्या खात्यातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. दोघी पोट धरून हसलो, आणि मग शांत खोलीत बसून मी सगळं परत सांगितलं. त्या वेळी त्यांनी फक्त आवाज घेतला.

उद्घाटनाला वस्ती लोटली. ताईला मी ओढून नेलं. एरवी ती चारचौघांत येत नाही. लोक हसले की तीही हसते, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी, आणि ते तिला नंतर कळतं. तिचा माग तेलपाणी करून चकचकीत उभा केला होता. लोक हेडफोन कानाला लावायचे, ऐकायचे आणि वळून ताईकडे बघायचे. एका बाईचे डोळे भरून आले. एका म्हाताऱ्याने तर येऊन तिचा हात हातात घेतला.

ताई माझ्याकडे वळली. “काय सांगितलंस यांना? माझं बहिरेपण भिंतीला टांगलंस?”

“तसं नाही गं. ऐक तर खरं.”

“ऐकू? कशाने?” हे तिने आवाज काढून म्हटलं. “अख्ख्या गावाला कळलं, मला सोडून. मी परत इथे पाय ठेवणार नाही. तुझ्या दारातही नाही.” आणि तिने डोळे मिटले.

माझा राग नाकावर असतो, पण तेव्हा तो काय कामाचा? मिटलेल्या डोळ्यांपुढे मी काय डोंबल सांगणार? मी बाईंचा दंड धरला. “ती पहिली, फुकट गेलेली फिल्म आहे अजून?”

“आहे. पण तिच्यात तुमचा आवाज नाही हो.”

“आवाज कोणाला हवाय? मोठ्या पडद्यावर लावा. आणि माग जेवढे मोठ्याने वाजतील तेवढे वाजवा.”

बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. स्पीकरमधून माग सुरू झाले. लोकांनी कानांवर हात ठेवले, लाकडी जमीन पायाखाली थरथरायला लागली. ताईच्या तळव्यांना ते कळलं. तिने डोळे उघडले, आणि समोर भिंतभर मी.

पडद्यावरची मी म्हणत होते, “माझ्या पोराचं पहिलं रडणं मी ऐकलं. त्याचे बोबडे बोल ऐकले. ते सगळं तिच्या कानांच्या जिवावर. थोरलीचे कसले आभार मानायचे, म्हणून मी गप्प राहिले. पण मला रोज आठवतं.”

खात्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या सोडल्या तर त्या गर्दीत कोणाला काही कळत नव्हतं. ताईला सगळं कळत होतं. ती शेवटपर्यंत हलली नाही. मग तिने हाताने डोळे पुसले आणि मला ओठांनी म्हणाली, “वेडी आहेस. तिथे खिडकी होती. छान वारा यायचा. म्हणून घेतला मी तो माग.”

बाईंना मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, हेही कॅमेऱ्यात घेऊ का? ताई म्हणाली, आधी केस नीट करू दे.

आता आम्ही दोघी समोरासमोरच्या पडद्यांवर बोलत असतो. तिथला हेडफोन काढून टाकलाय. सुट्टीच्या दिवशी ताई येणाऱ्यांना ओठ वाचायला शिकवते, आणि कोणी चुकलं की मनापासून हसते. कोणी कोणी मला येऊन विचारतं, ती खिडकी कुठे होती हो? बुजवली असेल, म्हणते मी. इंजिनाच्या त्या भिंतीला खिडकी कधीच नव्हती.