तिसरे औषध

नथूने सहा महिन्यांत एचआयव्हीच्या औषधाचा एकही डोस चुकवला नाही, आणि सहा महिन्यांनंतर त्याच्या रक्तातील विषाणूंची संख्या होती तेवढीच होती.

नथू अर्नाळ्याच्या एका बोटीवर कामाला होता. जानेवारीत तो आमच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याला एचआयव्हीच्या जोडीला क्षयही असल्याचे निघाले. एचआयव्हीचे उपचार त्याने काही वर्षांपूर्वी मध्येच सोडले होते. ते पुन्हा सुरू केले. जुलैत तो परत दाखल झाला. वजन चौतीस किलो, आणि क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला. क्षयाचे जंतू औषधांना दाद देणारे होते. एचआयव्हीच्या गोळीतील तीनपैकी दोन औषधे विषाणूपुढे निरुपयोगी ठरली होती; तिसरे चालायला हवे, असे तपासणी सांगत होती. ते चालत नव्हते.

रुग्ण गोळ्या घेतल्याचे सांगतात आणि घेत नाहीत, हे मी बावीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणून आधी मी त्याच्या बायकोवर, जिजावर, संशय घेतला, कारण गोळ्या तीच देत असे. रिकाम्या बाटल्या मोजल्या. समुपदेशक रोझमेरीने तिला तीनदा वेगवेगळ्या प्रकारे विचारले आणि मला येऊन सांगितले की बाई खोटे बोलत नाही. नव्या साठ्यातल्या गोळ्या देऊन दोन आठवड्यांनी रक्त तपासले. फरक नव्हता.

नथू हाकेला डोळे उघडत असे, पण माणसे ओळखत नसे. त्याची आई आनंदीबाई सकाळी सहापासून खाटेशेजारी बसे. तिला फक्त क्षय ठाऊक होता. दुसरा आजार जिजाशिवाय घरात कोणाला कळू नये, ही नथूची अट होती. एकदा फेरीच्या वेळी ती मला म्हणाली, "डॉक्टर, बोंबील पन दोन दिसांत सुकून बास होतो. माजा पोर अजून किती सुकवनार?"



शेवटी मी डोस देताना स्वतः उभे राहायचे ठरवले. सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, जिजाने आधी क्षयाच्या गोळ्या दिल्या. मग तळहातावर रक्तवाढीची लाल गोळी ठेवली, तिच्याखाली एचआयव्हीची पांढरी सरकवली आणि दोन्ही एकदम त्याच्या तोंडात घातल्या. सासूने समाधानाने मान हलवली. तिने लाल तेवढी पाहिली होती.

मी जिजाला बाहेर बोलावून विचारले की ती रोज अशाच देते का.

"सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "दोनी वेळेला उपाशीपोटी. तुमीच सांगितलंत ना, साहेब, जानेवारीत? रक्ताच्या गोळीसंगं द्या, कोन विचारनार नाय म्हनून. एक दिवस चुकवला नाय मी." मग थांबून तिने विचारले, "काय चुकलं का माजं?"

"तुमचं नाही," मी म्हणालो.

रक्तवाढीची गोळी त्याच दिवशी बंद केली. पाच दिवसांनी नथू वारला. दाखल्यात मी कारण लिहिले: मेंदूच्या आवरणाचा क्षय. त्याच्यामागचे कारण लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. रक्तवाढीच्या गोळीत लोह असते. रिकाम्या पोटी ते या तिसऱ्या औषधाला बांधून ठेवते आणि त्यातले बरेचसे रक्तात पोहोचू देत नाही; जे पोहोचते, तेही क्षयावरच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे शरीरातून लवकर संपते. दोन्ही गोळ्या एकत्र देण्याचा सल्ला माझा होता.