पाठीशी भिंत, समोर दार

अण्णांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते दाढीच्या साबणासारखं फेसाळतच जातं, असं त्यांची बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. या खेपेचं खूळ होतं फेंगशुई.

आता केस कापणाऱ्या माणसाला फेंगशुई कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल. अहो, सांगतो ना, जरा दम धरा! अण्णांचं दुकान दोन खुर्च्यांचं. एकीवर अण्णा, दुसरीवर त्यांची एकुलती एक लेक. पोरीचा हात असा काही चालायचा की बघत राहावं. पण चौकात नवं चकचकीत सलून उघडलं आणि त्यांनी तिलाच बोलावणं धाडलं. 'शनिवारी संध्याकाळी कळवते,' असं ती त्यांना म्हणाल्याचं अण्णांच्या कानावर बाहेरूनच आलं. घरात तिने ब्र काढला नाही, आणि अण्णांना विचारायची हिंमत होईना. बापाचा जीव नुसता टांगणीला! पोर जाऊ नये, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

नेमकी तेव्हाच वाचनालयाच्या दाराशी पाटी लागली : 'घर आणि कामाची जागा. फेंगशुईची मूलतत्त्वं शिका. मन रमेल, माणसं टिकतील.' माणसं टिकतील! अण्णा तिथल्या तिथे नाव घालून आले.

वर्गात ते पहिल्या रांगेत बसायचे आणि बाईंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. बाई शांतपणे सांगत, 'ची' म्हणजे जागेत खेळणारी ऊर्जा. ती दारातून आत येते, सावकाश फिरते, अडगळ दिसली की अडून बसते. बंद पडलेली घड्याळं काढून टाका. टोकदार वस्तू माणसांवर रोखलेल्या नकोत. दारासमोर आरसा नको, आलेली ऊर्जा आल्या पावली परत जाते. आणि बसायचं कसं, तर पाठीशी भक्कम भिंत आणि डोळ्यांसमोर दार. दाराकडे पाठ करून राहणाऱ्याचं मन त्या जागेत रमत नाही.

अण्णांच्या अंगावर सर्रकन काटा आला. दारासमोर भिंतभर आरसा, तो त्यांच्याच दुकानात! गिऱ्हाईक दाराकडे पाठ करून, त्याच्यामागे लेक, तिचीही पाठ दाराकडे! आणि हत्यारं म्हणाल तर एकूण एक टोकदार. "अरे देवा, पोरीला मी उभं तरी कुठे केलंय!" ते भर वर्गात ओरडले. शेजारच्या आजीबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

शनिवारी ते लेकीच्या आधी दुकानात पोचले. जुनी मासिकं आणि रिकाम्या बाटल्या बाहेर काढल्या, बंद घड्याळ उतरवलं, कात्र्या नॅपकिनात गुंडाळून ठेवल्या. खुर्च्या काय, गरगर फिरणाऱ्याच होत्या. दोन्ही फिरवून दाराकडे तोंड केलं आणि खटका लावून टाकला. मग उरला आरसा. केस कापताना अंगावर पांघरायची कापडं त्यांनी चिमट्यांनी एकमेकांना जोडली आणि अख्खा आरसा झाकून टाकला. मागे सरून कमरेवर हात ठेवून बघितलं. वा! काय भारदस्त दिसत होतं!

लेक आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा, रंग काढताय का दुकानाला?"

"ऊर्जा," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

"नाश्ता करून आलात ना?" तिने विचारलं.

तेवढ्यात समोरचा चपलांचा दुकानदार दाढीला येऊन अण्णांच्या खुर्चीत बसला. त्याच्या मागोमाग आले हेडसर. शाळेतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण खोड काही गेली नव्हती. खुर्चीत बसले की आरशात बघून हुकूम सोडायचे, डावीकडे कमी कर, उजवीकडे राहिलं. आज त्यांना लेकीच्या खुर्चीत बसावं लागलं, आणि समोर आरशाऐवजी अख्खा रस्ता!

"हे काय? मी बघू कुठे?"

"बाहेर बघा, सर," लेक म्हणाली आणि नॅपकिनातून कात्री सोडवून कामाला लागली.

आणि सरांनी बघितलं की! जाणारा-येणारा जो तो आत डोकावून हात करायला लागला. एक जुना विद्यार्थी सायकलवरून चालला होता. "ए, शर्ट खोच आधी!" सर अंगावरच्या कापडासकट गरजले. बिचारा पोटाला हात लावत दिव्याच्या खांबालाच जाऊन धडकला. भाजीवाली हसली, चपलांचा दुकानदार हसला, हसता हसता त्याच्या नाकात साबण गेला. मजा बघायला आलेले लोक बाकावर टेकले आणि टेकल्यावर म्हणाले, आलोच आहोत तर कापूनच जाऊ.

या सगळ्या धुमाकुळात एक आवाज अण्णांच्या कानावर आला. लेक गुणगुणत होती. दुकानात! आजवर कधी नाही ते!

अण्णांची मात्र पंचाईत झाली. ती काय कापते आहे ते दिसेना. तिच्याकडे बघायचं तर मान वळवावी लागणार, आणि मान वळली की हाताखालचा कान गेलाच म्हणून समजा. 'इथे दबलंय, तिथे राहिलंय,' म्हणायला जीभ नुसती वळवळत होती. पण न बघता बोलणार काय, कपाळ?

दुपार कलल्यावर वर्गाच्या बाई आल्या. कोणी काय बदललं ते प्रत्यक्ष बघायचं, असा त्यांचा नियम होता. त्यांनी आरसा बघितला, नॅपकिनातल्या कात्र्या बघितल्या आणि बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"अहो अण्णा, जागा कशाची आहे तेही बघायचं असतं! आरसा म्हणजे तुमचं कामाचं साधन. एखादं झाड मध्ये ठेवलं असतंत तरी भागलं असतं. काढा बाई ती कापडं!"

अण्णांचा चेहरा एकदम पडला. सगळंच चुकलं म्हणायचं. संध्याकाळ तर होतच आली होती. ते मुकाट्याने आरशाकडे वळले आणि चिमट्याला हात घातला.

"हात लावाल तर याद राखा!"

लेकीचा आवाज असा चढला की अण्णांच्या हातातला चिमटा टुणकन उडाला.

"बाबा, मी मान वर केली की आरशात तुमचे डोळे. दरवेळी. मी कात्री उचलायच्या आत तुमची भुवई वर गेलेली असायची. त्या भुवईला कंटाळून निघाले होते मी." तिने कात्री नॅपकिनाला पुसली. "आज पहिल्यांदा सुखाने केस कापले."

अण्णांनी आपली भुवई चाचपून बघितली. एवढं नुकसान एवढ्याशा भुवईने! त्यांना रडूही येईना आणि हसूही आवरेना. ते सरळ जाऊन लेकीच्या खुर्चीत बसले.

"काप," ते म्हणाले.

त्यांच्या डोक्याला आजवर स्वतःखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. लेकीने कापड पांघरलं, कात्री चालू झाली. समोर रस्त्यापलीकडे चपलांचा दुकानदार उभा राहून बघत होता. त्याच्या तोंडावरून काही कळतंय का म्हणून अण्णा डोळे ताणायला लागले, तर त्या गाढवाने मुद्दाम डोक्याला हात लावला.

"कानापाशी जरा..."

"बाबा!"

"छे छे, मी कुठे काय म्हणालो?"

लेकीने चौकातल्या सलूनला फोन लावला. "मी येत नाही, इथेच बरी आहे," एवढं बोलून ठेवून दिला. बाई टाळ्या वाजवायला लागल्या.

"मशीन लावू?" लेकीने विचारलं.

अण्णांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"तुला वाटेल ते लाव," ते म्हणाले.