महाराजांची लाल परात

कडेगावच्या वाटेवर महाराजांचा मांडव पडला आणि पोटुश्या बायकांची ही रांग लागली. महाराज बाईच्या पायांना हळद फासायचे आणि परातीतल्या स्वच्छ पाण्यात पाय बुडवायला सांगायचे. पाणी लालभडक!

"बघा! बाळाची बाधा रक्त होऊन उतरली. आता सुई नको, दवाखाना नको. त्या सोनोग्राफीनं पोटातलं लेकरू भाजतंय!"

बाया हात जोडत होत्या, बाप्ये आडवे पडत होते.

माझ्या सुनेला, प्रियदर्शनीला, सहावा महिना. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे. त्या दिवशी तिची तपासणी होती, पण आमच्या धन्यांनी, नाथाजींनी, तिला थेट मांडवात आणलं. मी तणतणत मागोमाग.

"आवं, बीपी बघायला बोलावलंय न्हवं तिला?"

"गप गं. बाधा उतरली की बीपी बी उतरतंय."

सुनेच्या पायाखाली पाणी लाल झालं. जयजयकार झाला. पोरगी मात्र कपाळ धरून कण्हली, "आत्याबाई, डोकं फुटतंय वो."

माझी शाळा दुसरीत सुटली, पण हळद शिजवण्यात जन्म गेला. हळदीच्या बोटाला पानाचा चुना लागला की बोट लाल होतं, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. पण मांडवात शिरताना लोकांनी चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवलेली!

परात नव्यानं भरली, तशी मी धन्यांच्या पायाला हळद चोळली आणि पाय आत दाबला. पाणी लाल!

"महाराज, आमच्या धन्यास्नी कितवा म्हैना?"

मांडव खदखदला. महाराज किंचाळले, "पाप लागंल, म्हातारे!"

"लागू दे. माझ्या बाटलीतल्या पाण्यात उतरवा की बाधा!"

परात उपडी करून मी बाटली ओतली आणि धन्यांचा दुसरा पाय हळद लावून बुडवला. पाणी पिवळंच. महाराजांचं तोंडही.

"म्हाराजांच्या परातीत चुन्याची निवळी व्हती," मी सगळ्यांना ऐकवलं. "दिसती पान्यावानी."

तिथनं गाडी थेट दवाखान्यात. डॉक्टरीणबाई बीपी बघून म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. आई आणि बाळ, दोघंही गेली असती."

एक पाय लाल, एक पिवळा, तसेच धनी औषधं आणायला पळाले.

सून अजून खाटेवर आहे, औषध चालू आहे. सोनोग्राफी झाली, बाळ भाजलं नाही, त्याच्या काळजाची धडधड मी माझ्या कानांनी ऐकली.

तर बायांनो, पाय सुजले, डोकं ठणकलं, की बीपी मोजा, लघवी तपासा. काही दुखत नसलं तरी तपासणी चुकवू नका. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण दवाखान्यातनं आल्यावर.